कडवे डावे, कडवे वाल

कासू हे गाव कागदोपत्री फार मोठं आहे. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं तेव्हा कामाचं नाव होतं 'पळस्पे ते इंदापूर', लांबी ८४ किलोमीटर. (हे इंदापूर माणगाव तालुक्यातलं. पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरला रस्ते आहेत.) पुढे ठेकेदार दमला, त्याला कर्ज देणारे दमले, आणि त्या ८४ किलोमीटरचे दोन तुकडे करण्यात आले: पळस्पे ते कासू आणि कासू ते इंदापूर. तेव्हापासून विधानसभेत आणि उच्च न्यायालयात आमच्या गावाचं नाव घेतलं जातं. कासूत काही घडतं म्हणून नव्हे. कासूला एक ठेकेदार संपतो आणि दुसरा सुरू होतो म्हणून.

हद्दीवरच्या माणसाला विचार करावा लागतो. इतर गावांतला माणूस खड्डा दिसला की शिवी देतो आणि पुढे जातो. आम्हाला आधी खड्डा कोणाचा ते ठरवावं लागतं, मग शिवी. चुकीच्या ठेकेदाराला गेलेली शिवी फुकट जाते. आणि खड्डा कोणाचा हा वाद एकदा पेटला की तो ठेकेदाराशी थांबत नाही, भांडवलशाहीचा की समाजवादाचा इथपर्यंत जातो. मूळ करार 'बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा' या तत्त्वावरचा होता. त्यातलं बांधायचं राहिलं, वापरणं सुरू झालं आणि हस्तांतर तेवढं एका मंत्र्याकडून दुसऱ्या मंत्र्याकडे वेळच्या वेळी होत गेलं. दर गणपतीच्या आधी नवा मंत्री पाहणीला येतो, खड्ड्यात उतरून फोटो काढतो. आमच्या भागात मंत्र्यांना जमिनीवरचे पुढारी म्हणतात ते उगाच नाही.

नाक्यावर या वादाच्या दोन बाजू आहेत आणि त्या दोन्ही एकाच घरात जेवतात. एक लाल बावट्याचे आजोबा आणि दुसरा त्यांचा नातू. नातवाचं डिमॅट खातं आहे. आजोबा म्हणतात, "बघ तुझं खाजगीकरण." नातू म्हणतो, "सरकारने जागा वेळेवर ताब्यात दिली नाही, परवानग्या दिल्या नाहीत. बाजाराला मोकळं सोडलं असतं तर रस्ता कधीच झाला असता." त्यावर आजोबा, "मोकळाच सोडला होता रे. तो वडखळ नाक्यावर चहाला उतरला, तो परत गाडीत बसलाच नाय."

ज्या टपरीवर हे चालतं तिथे पाटी आहे: 'येथे राजकीय चर्चा करू नये.' आपल्या संविधानाने कलम १९ मध्ये आधी बोलण्याचं स्वातंत्र्य दिलं आणि लगेच पुढच्या खंडात त्याला निर्बंध घातले. ते निर्बंध 'वाजवी' असावेत, ही दुरुस्ती १९५१ मध्ये झाली. वाजवी म्हणजे किती, यावर तेव्हापासून न्यायालयं निकाल देत आहेत. टपरीवाल्याने हा प्रश्न केव्हाच निकालात काढला. एका चहावर हवापाणी, दुसऱ्यावर तालुका, तिसरा मागवला की केंद्र सरकार. उधारीवाल्याला फक्त क्रिकेट. या व्यवस्थेविरुद्ध आजपर्यंत एकही याचिका दाखल झालेली नाही.

आजोबांचा लाल रंग उसना नाही. त्यांच्या आईचं माहेर अलिबागकडचं, चरीच्या संपाच्या टापूतलं. संप कारखान्यात होतो असं पुस्तकांत असेल, आमच्या जिल्ह्यात तो भाताच्या खाचरात झाला. १९३३ ते १९३९, अशी सहा वर्षं, नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली कुळांनी खोताची जमीन कसलीच नाही. जंगलातली लाकडं विकून दिवस काढले, पण नांगराला हात लावला नाही. १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर चरीला आले आणि १९३७ मध्ये त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती मोडण्याचं विधेयक मांडलं. पुढे कूळकायदा आला. ज्या बाईने लहानपणी हे पाहिलं तिच्या मुलाला भांडवलशाहीचे फायदे समजावून सांगायचे म्हणजे नातवाला तीन चहा पुरत नाहीत.

१९४७ साली शेतकरी कामगार पक्ष निघाला आणि १९५० साली दाभाडीला पक्षाने मार्क्सवाद-लेनिनवाद लेखी स्वीकारला. तो दाभाडी प्रबंध आजोबांनी वाचलेला नाही, पण न वाचलेल्यांवर त्यांचा राग आहे. मार्क्स त्यांना सभांतून मिळाला. रात्रीच्या सभा, कंदील, आणि व्यासपीठ म्हणून बैलगाडी. त्यामुळे त्यांची परिभाषा पक्की आणि व्याख्या सैल. ज्याच्याकडे एक टेम्पो तो भांडवलदार. दोन टेम्पो असतील तर मक्तेदार भांडवलदार. त्यांच्या स्वतःच्या मुलाने टेम्पो घेतला तो मात्र स्वयंरोजगार.

नातूही कमी नाही. जिथे रांग लागते तो त्याच्या मते समाजवाद. रेशनचं दुकान समाजवाद, एसटी समाजवाद, सरकारी दवाखाना तर साक्षात सोव्हिएत रशिया. शेजाऱ्याला मिळते ती रेवडी. त्याच्या आईच्या खात्यावर लाडकी बहीण म्हणून दरमहा १५०० रुपये येतात ते 'थेट लाभ हस्तांतरण'. आईने त्या पैशातून याच्या मोबाईलचा हप्ता भरला तेव्हा आजोबांनी विचारलं, "हे कोणत्या वादात बसतं?" नातू म्हणाला, "कौटुंबिक."

खरं सांगायचं तर आमच्या भागात माणसं बदलली त्याहून जास्त त्यांची नावं बदलली. सावकार गेला आणि फायनान्सवाला आला. जमिनीचा दलाल आधी एजंट झाला, आता 'लायझनिंग' करतो. काम तेच, फक्त ते सांगताना आता चष्मा लावावा लागतो. कामावरून काढून टाकण्याला स्वेच्छानिवृत्ती म्हणतात. त्यातली निवृत्ती कामगाराची असते आणि स्वेच्छा कंपनीची. उपोषणाचं साखळी उपोषण झालं, त्यात उपास साखळीला घडतो. आणि ज्याने आयुष्यात एक गोठा बांधला नाही त्याच्या फ्लेक्सवर 'विकासपुरुष' असं लिहिलेलं असतं, खाली शुभेच्छुकांचे पंचवीस चेहरे. बोलण्याचं स्वातंत्र्य आमच्याकडे मुख्यतः फ्लेक्सवर नांदतं. तिथे कोणीही स्वतःला काहीही म्हणू शकतो.

नुसत्या नावाने क्रांती कशी करावी, याचा धडा मात्र रेल्वेने घालून दिला. १९७४ साली भारतीय रेल्वेने तिसरा वर्ग रद्द केला. देशातला एक अख्खा वर्ग एका आदेशासरशी नाहीसा. डबे तेच, बाकडी तीच, ढेकूण तेच. पाटी तेवढी 'दुसरा वर्ग' अशी. मार्क्सला हे सुचलं नाही, असं आजोबा हळहळून म्हणतात. त्यानंतर तीन वर्षांनी मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बर्थवर दोन इंच फोम घातला. भारतात समाजवादाची जाडी मोजता आली ती एवढीच. पुढे १९९० मध्ये दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. दोघेही कडक समाजवादी. त्या रेल्वेसाठी मोठा पैसा उभा राहिला तो रोखे विकून, म्हणजे चक्क भांडवलबाजारातून. हे कळलं तेव्हा नातवाने नाक्यावर पेढे वाटले. आजोबांनी पेढा घेतला आणि म्हणाले, "आमचे लोक तुमच्या बाजारातून पैसा काढून रेल्वे बांधतात. तुमचे लोक आमच्या बँकेतून पैसा काढून लंडनला जातात."

दिवा-रोहा गाडीने कासूला उतरणाऱ्या माणसाला हा सगळा इतिहास फुकट मिळतो. इकडे पेण, तिकडे रोहा, आणि दोन्ही तालुक्यांनी एकेक असा माणूस दिला की वाद मिटायचा नाही. रोहा म्हणजे चिंतामणराव देशमुखांचं गाव. जन्म महाडजवळच्या नात्याचा, घराणं रोह्याचं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५२ मध्ये कुलाबा मतदारसंघाचे खासदार, देशाचे अर्थमंत्री. नातू म्हणतो, गव्हर्नर म्हणजे आमचे. आजोबा म्हणतात, १९५५ साली इम्पीरियल बँकेची स्टेट बँक कोणी केली? १९५६ साली आयुर्विमा सरकारच्या ताब्यात कोणी घेतला? म्हणजे आमचे. त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, तेव्हा ते सगळ्या महाराष्ट्राचे झाले. हा मुद्दा निघाला की दोघे गप्प होतात, कारण तत्त्वासाठी पद सोडणारा माणूस आपल्या कोणत्या गोटात बसवायचा, हे आता दोघांनाही सुचत नाही.

पेणच्या बाजूला गागोदे. विनोबांचं जन्मगाव. त्यांनी १९५१ पासून देशभर पायी हिंडून जमीनदारांकडे जमीन मागितली आणि लोकांनी दिली. आजोबांना हे पटत नाही, कारण मागून मिळालेल्या जमिनीत वर्गसंघर्ष कुठे आहे? नातवालाही पटत नाही, कारण मग रेडी रेकनरचं काय? आमच्या तालुक्याने भूदानापासून भूसंपादनापर्यंतचा सगळा प्रवास पाहिला. यात 'भू' तेवढी जागेवर राहिली.

आणीबाणीत विनोबांचं मौन होतं. तशात त्यांनी भेटीला आलेल्या नेत्याला महाभारतातल्या पर्वाचं नाव दाखवलं: अनुशासन पर्व. सरकारने ते उचललं आणि भिंतीभिंतींवर रंगवलं. मौन सुटल्यावर त्यांनी सांगितलं की अनुशासन आचार्यांचं असतं, सत्ताधाऱ्यांचं नव्हे. पण एवढा खुलासा रंगवायला भिंती कोण देणार? इकडे १९७५ च्या डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरून उघड बोलल्या आणि पुढच्या वर्षी तुरुंगात गेल्या. म्हणजे जो बोलला नाही त्याचं बोलणं सरकारने छापलं, आणि ज्या बोलल्या त्यांना आत टाकलं. आजोबा हे सांगतात तेव्हा टपरीवाला पाटीकडे बोट दाखवतो, आणि आजोबा चौथा चहा सांगतात.

कासूच्या पुढचं स्टेशन नागोठणे. तिथला पेट्रोकेमिकल्सचा कारखाना सरकारी आयपीसीएलचा. २००२ मध्ये कंपनी रिलायन्सच्या हाती गेली. त्यासाठी दिल्लीत तेव्हा एक खास मंत्रालयच होतं, निर्गुंतवणूक मंत्रालय. तोंडात तंबाखू असताना हा शब्द उच्चारता येत नाही, त्यामुळे नाक्यावर त्याची जितकी व्हायला हवी होती तितकी चर्चाच झाली नाही.

दर जानेवारीत आमच्याकडे पोपटी लागते. बाहेरच्यांसाठी सांगतो. वालाच्या कोवळ्या शेंगा, मीठ, ओवा, बटाटे, अंडी, ऐपत असेल तर कोंबडी, हे सगळं भांबुर्डीच्या पाल्यात गुंडाळून मडक्यात भरायचं, मडकं शेतात पालथं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. पाणी नाही, तेल नाही. अर्धा तास थांबायचं. हा अर्धा तास आमच्या भागाचा वैचारिक हंगाम आहे. गेल्या पोपटीला आजोबांनी उत्पादनाच्या साधनांचा हिशोब मांडला. शेंगा आपल्या शेतातल्या, म्हणजे कष्टकऱ्यांच्या. पाला गावच्या माळावरचा, म्हणजे सामूहिक मालकीचा. मडकं कुंभाराचं, म्हणजे कारागिराचं. जाळायला काटक्या शेजाऱ्याच्या कुंपणातल्या, म्हणजे, आजोबा जरा थांबून म्हणाले, "समाजाने परत घेतलेल्या." आता कोंबडी. ती नातवाने पैसे देऊन आणली होती. तेव्हा भांडवल माझं, जोखीम माझी, नफा म्हणून तंगडी माझी, असं त्याचं म्हणणं. आजोबा म्हणाले, शेंगा नसत्या तर तुझ्या कोंबडीला पोपटी कोण म्हणालं असतं? श्रमाला किंमत दे. हा वाद इतका रंगला की मडकं उघडायची वेळ टळून गेली. तोवर ज्या मावशीने शेंगा तोडल्या, धुतल्या, मडकं भरलं आणि जाळ घातला, तिने ते काठीने उलथलं, दोन्ही तंगड्या पोरांना वाटल्या आणि या दोघांसमोर एकेक बटाटा ठेवला. श्रमिकांनी सत्ता हाती घेतल्याचं हे मी पाहिलेलं एकमेव उदाहरण. आजोबांनी त्याचं स्वागत केलं नाही.

पण एकदा आमच्या तालुक्यात हा वाद खरोखरच मतपेटीत घातला गेला होता. २००५ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा आला. सेझ. या क्षेत्रातली जमीन व्यापार आणि जकातीच्या कामापुरती परदेश समजायची, अशी त्यात तरतूद. आजोबांनी तेव्हा विचारलं होतं, "म्हणजे लावणीला जाताना पासपोर्ट लागंल?" रिलायन्सच्या महामुंबई सेझसाठी पेण, उरण आणि पनवेल तालुक्यांतली ४५ गावं निवडली गेली. पेणची बरीच गावं हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात. म्हणजे आधी सरकारी पैशाने धरण बांधून, या शेताला पाणी देऊ म्हणायचं, आणि पाणी पोचायच्या आत शेतच मागायचं. प्रा. एन. डी. पाटलांनी गावागावांत सभा घेतल्या, मोर्चे निघाले, बाया पुढे झाल्या. शेवटी सरकारने असं काही केलं जे या देशात सहसा कोणी करत नाही. लोकांनाच विचारायचं ठरवलं.

२१ सप्टेंबर २००८. पेण तालुक्यातली २२ गावं. प्रकल्पाला जमीन द्यायची की नाही, यावर शेतकऱ्यांचं मत. रांगा लागल्या, म्हाताऱ्यांना धरून आणलं, मुंबईला नोकरीला असलेले खातेदार सुट्टी काढून आले. भांडवलशाही की समाजवाद असा प्रश्न चिठ्ठीवर नव्हता, हे फार बरं झालं, नाहीतर अजून मतदान चालू असतं. प्रश्न साधा होता, उत्तरही साधं होतं. जगभरच्या विद्यापीठांत ज्यावर पुस्तकं लिहितात ते आमच्या लोकांनी एका दिवसात, पावसाची सर चुकवून, उरकलं. विरोधाची मतं किती प्रचंड पडली ते वर्तमानपत्रांनी छापलं. सरकारने निकाल अधिकृतपणे काही जाहीर केला नाही.

पुढे प्रकल्प बारगळला. नातू म्हणतो, "मग जिंकलातच की."

"जिंकलो म्हणून कोणी सांगितलं?" आजोबा म्हणतात. त्यांचे व्याही त्या २२ गावांपैकी एका गावचे. "त्याचं मत अजून पेटीत हाय. मेला बिचारा. मत राहिलं."

यावर नातू काही बोलत नाही. त्याला तसं वाईट वाटतं, कारण त्याच्या शेअरचा भाव तर दर सेकंदाला जाहीर होतो.

आमच्याकडे आणखी एक विषय आहे, तो पेण अर्बन बँकेचा. सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या बँकेवर निर्बंध आणले आणि हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. भांडवलशाही नको, सरकारशाही नको, म्हणून लोकांनी आपल्या ओळखीच्या सहकाराकडे पैसे ठेवले होते. यावर नाक्यावर विनोद करायचा नाही, असा अलिखित नियम आहे. तो सगळे पाळतात, टपरीवालासुद्धा. त्याचेही होते.

मध्यंतरी आजोबांना मोठा धक्का बसला. पेणमधून शेकापचे दोनदा आमदार झालेले धैर्यशील पाटील २०२३ मध्ये भाजपमध्ये गेले आणि २०२४ मध्ये राज्यसभेवर पोचले. त्या दिवशी आजोबा जेवले नाहीत असं घरचे सांगतात. (नातवाच्या मते घरी शेपूची भाजी होती.) लाल कापड उन्हापावसात बरीच वर्षं राहिलं की कोणत्या रंगाकडे झुकतं, हे गोधड्या वाळत घालणाऱ्या बायकांना आधीपासून ठाऊक होतं. कार्यकर्त्यांना उशिरा कळलं.

मी आजोबांची समजूत घातली. म्हटलं, पक्ष बदलला म्हणून समाजवाद कुठे सुटतो? १९८९ पासून लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम २९-अ आहे. ज्या पक्षाला निवडणूक आयोगाकडे नोंदणी हवी त्याला समाजवादावर निष्ठा असल्याचं आपल्या घटनेत लिहून द्यावं लागतं. यातून सुटका नाही. मंदिरवाले, मार्केटवाले, जातवाले, सगळे या देशात शपथेवर समाजवादी आहेत. आयुष्यभर खुल्या बाजाराची मागणी करणाऱ्या शरद जोशींनी राज्यसभेत गेल्यावर २००५ मध्ये खाजगी विधेयक आणलं, की निदान ही शपथ तरी काढा, ज्याचा विश्वास नाही त्याला खोटं का बोलायला लावता? विधेयक काही पास झालं नाही. खोटं बोलायची सक्ती आपल्याकडे कोणाला फारशी जाचत नसावी.

आजोबांचा चेहरा उजळला. "म्हणजे ते सगळे आपलेच?"

"कागदावर."

"आपण तरी कागदावरच होतो," आजोबा म्हणाले.

संविधानाच्या उद्देशिकेत 'समाजवादी' हा शब्द १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आला. तो काढा म्हणणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये फेटाळल्या. न्यायालयाने सांगितलं, आपल्याकडे समाजवाद म्हणजे कल्याणकारी राज्य, त्याने खाजगी उद्योगाला अडथळा येत नाही. त्या संध्याकाळी आजोबांनी शब्द राहिला म्हणून चहा पाजला आणि नातवाने अडथळा गेला म्हणून वडापाव. एका निकालात दोन्ही पक्षकार जिंकले आणि दोघांचंही बिल टपरीवाल्याला मिळालं.

मग २०२५ चा जुलै आला. विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. त्यावर लोकांकडून १२ हजारांहून जास्त सूचना आणि हरकती आल्या होत्या. कोणाविरुद्ध, या प्रश्नावर बरीच घासाघीस होऊन शेवटी विधेयकात शब्द आले ते 'कडव्या डाव्या विचारसरणीच्या' संघटनांचे. विधानसभेत याला उघड विरोध नोंदवणारा आमदार एकच, डहाणूचे माकपचे विनोद निकोले. 'शहरी नक्षल' हा शब्द आम्ही बातम्यांत ऐकून होतो, पण तो शहरी असल्यामुळे कासूचा संबंध नव्हता. कडवे डावे म्हटल्यावर मात्र आमच्या गावात सगळ्यांनी एकाच घराकडे पाहिलं.

आजोबांचं वागणंच बदललं. त्यांनी कोणाला सांगितलं नाही, पण ते वाट बघत होते. ट्रंकेतून जुना बावटा काढला, कसर झटकली, पुन्हा घडी घातली. दोन शर्ट इस्त्री करून ठेवायला सांगितले. औषधांची चिठ्ठी खिशात. नाक्यावर मुद्दाम मोठ्याने बोलू लागले. साम्राज्यवाद हा शब्द गावाने बऱ्याच वर्षांनी ऐकला. टपरीवाल्याने काही दिवस त्यांना बिनचहाचं बोलू दिलं, कारण गिऱ्हाईक जमत होतं. नातू घाबरला. तो आजोबांना म्हणाला, "जरा सांभाळून. उगाच नाव आलं यादीत तर माझ्या पासपोर्टचं व्हेरिफिकेशन अडेल." आजोबा म्हणाले, "जमिनीसाठी आत गेलेल्यांचं गाव हाय आपलं. तुला दुबईची पडलीय." पण महिने गेले आणि कोणीच आलं नाही. एका संध्याकाळी आजोबा पारावर गप्प बसून होते. मी विचारलं तर म्हणाले, "कडवा म्हणायला आधी त्यांना मी डावा तरी दिसायला हवा ना. आता कोणाला काय दिसतच नाय."

आणि जानेवारी संपता संपता खरंच एक पोलीस शिपाई मोटारसायकलवरून घरासमोर उतरला. सून आतल्या आत हबकली. नातू मागच्या दाराने वाडीत गेला. आजोबा मात्र उठले, आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आले, चष्मा पुसला आणि ओटीवर ताठ उभे राहिले.

"बाबा," शिपाई म्हणाला, "गावात सगळे तुमचंच नाव सांगतात. कडव्या..."

"व्हय. मीच," आजोबा म्हणाले. "लिहून घ्या. १९६२ पासून."

"कडव्या वालांसाठी हो," शिपाई म्हणाला. "साहेबांकडे पाहुणे आलेत, त्यांना बिरडं करायचंय. दोन किलो मिळतील का?"

आजोबा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग आत गेले, तराजू घेऊन आले, दोन किलो वाल नीट तोलले आणि पिशवीत घातले. नातू तोवर वाडीतून हळूच परत आला होता.

"काय भाव लावलात?" शिपायाने विचारलं.

"बाजारभाव," आजोबा म्हणाले. नातवाचा ऊर भरून आला.

"सरकारी माणसाला काही वेगळं नाही?"

"हाय ना," आजोबा म्हणाले. "सरकारी माणसाला रोख."